छप्पर होईस्तोवर

त्या साली गवत आलंच नाही. म्हणजे उगवलं, पण माणसाच्या कमरेला लागायचं ते घोट्याला लागून थांबलं. घोट्याएवढं गवत गुरांच्या तोंडाला पुरतं, घराच्या डोक्याला पुरत नाही. वरून ऊन असं, की विळा सावलीत ठेवला तरी मूठ चटका द्यायची. ज्यांची ऐपत होती त्यांनी घरांवर पत्रे चढवले. पत्रा एकदा ठोकला की शाकारणाऱ्याचं त्या घराशी नातं तुटलंच. लेक सासरी दिल्यासारखं नाही ते. लेक निदान माहेरपणाला येते.

शाकारणाऱ्याचं घर गावाच्या कडेला, शेवटच्या विहिरीपाशी होतं. घरात माणसं तीन. म्हातारा, ज्यानं उभ्या खोऱ्यातली छपरं आपल्या हातानं शाकारली आणि त्यातल्याच एकावरून पडून कंबर मोडून घेतली. त्याचा मुलगा, जो आता बापाच्या शिडीवर चढायचा. आणि सून. सून डावखुरी, म्हणून सगळे तिला डावरी म्हणत.

गवत नवऱ्याचं, सुंभ डावरीचा. छपरावर पेंढ्या बसवून झाल्या की वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वरून सुंभाचं जाळं टाकायचं आणि कडेच्या खुंट्यांना ताणून बांधायचं. तो सगळा सुंभ ती वळायची. घायपाताची पानं कुजवायची, ठेचायची, धुवायची. हाती येणारा पांढरा वाख विंचरायचा आणि वळायचा. डाव्या हातानं वळल्यामुळे तिचा पीळ इतरांच्या उलट बाजूला कलायचा. कुठल्या छपरावर उलटा पीळ दिसला की लोक म्हणत, हा डावरीचा हात. वळताना ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची:

वाख भिजविला, वाख बडविला
वळता वळता बाई, दिस माझा दडविला

दिवस दडवून दडवून तिची बोटं मात्र उघडी पडली होती. टोकांना कातडी राहिलीच नव्हती, नवी यायच्या आत जुनी जायची.

चर्चांना आगी लागायला लागल्या त्या आदल्या सालापासून. पहिलं गेलं टेकडीवरचं. मेणबत्ती कलंडली, पडद्यानं पेट घेतला, वारा होता. लोक हळहळले, आणि मग शाकारणाऱ्याला बोलावणं आलं. ते काम चाललं तोवर घरातली चूल थंड पडली नाही, म्हाताऱ्याच्या कमरेला मालिशचं तेल आलं, डावरीच्या पायात चपला आल्या. मग नदीपलीकडचं जळालं. तिथं मेणबत्ती नव्हती, प्रार्थनेचा वारही नव्हता. रॉकेलचा वास मात्र होता. तेही छप्पर याच घरानं घातलं. आणि आता, ऐन उन्हाळ्यात, गावातलं.

लोक आता बोलायला लागले. तोंडावर नाही, डावरीची पाठ वळली की.

"देवाचं घर जळतं नि यांची चूल पेटते."

"तसं नको गं म्हणू, बिचारी कष्टाळू आहे."

"कष्टाळू आहे म्हणून तर! काम लागतं ना हाताला."

आणि खसखस पिकायची. डावरी घागर उचलून चालायला लागायची. पाणी हिंदकळून पाठीवरून ओघळायचं, पण घागर नीट करायला ती थांबायची नाही.

पोलिसांनी मात्र उचललं ते घंटावाल्याला. चर्चची घंटा वाजवणारा हा माणूस आगीत सगळ्यांच्या आधी पोचला होता. आत शिरून त्यानं भिंतीवरचा क्रूस काढला, दोन बाकं ओढून बाहेर आणली, आणि त्यात दोन्ही हात भाजून घेतले. हवालदार म्हणाला, किल्ली तुझ्याकडे, हात तुझे भाजलेले, सगळ्यांच्या आधी तूच हजर. आणखी काय पाहिजे? घंटेखाली जन्म काढून घंटावाल्याचे कान गेले होते. त्याला काय विचारलं आणि तो काय बोलला, कुणालाच धड कळलं नाही.

मग फादरांनी शाकारणाऱ्याला बोलावून घेतलं. डावरीचा जीव खालीवर झाला. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, का बरं नाही म्हणतो? हो म्हणावं तर म्हणणार, बघा, आलाच. नवरा संध्याकाळी परत आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "काम घेतलं." त्याच्या तोंडावर ना आनंद होता ना भीती. ओझं खाली ठेवलेला माणूस दिसतो तसा दिसत होता. डावरीला वाटलं, थकला असेल.

कामावर गवत वाहायला फादरांनी घंटावालीलाच लावलं, घंटावाल्याच्या बायकोला. तिच्याकडून दुसरं कुणी काम करून घेत नव्हतं. ही बाई अंगानं काडी आणि आवाजानं ढोल. बहिऱ्या नवऱ्याशी बोलून बोलून तिला हळू बोलणं ठाऊकच राहिलं नव्हतं.

"ए डावरे! मला सांग, रोज किती छप्पर होतं?" पहिल्याच सकाळी तिनं विचारलं.

"गवतावर असतं. माणसावर असतं."

"गवत मी आणते. माणूस तुझा तू हाक. फादर म्हणालेत, एकदा चर्च उघडू दे, लोकांचा राग निवू दे, मग मी साहेबाला भेटतो. म्हणजे छप्पर झालं की माझा म्हातारा सुटला! कळलं का?"

"कळलं."

"मग हाल की!"

भिंती उभ्या होत्या, काळ्या झालेल्या. आत राखेचा आणि ओल्या कोळशाचा वास. सुतारानं नवे वासे चढवले होते आणि वर आढं टाकलं होतं. खालून बघितलं की मोठ्या जनावराच्या बरगड्या दिसाव्यात तसं दिसायचं. डावरीचा नवरा त्या बरगड्यांवर पाय रोवून बसायचा, डावरी खालून पेंढी फेकायची, तो झेलायचा, बसवायचा, लाकडी बडवणीनं टोकं ठोकून सारखी करायचा. घंटावाली लांबच्या पाणथळीतून भारे आणायची. डोक्यावरचा भारा तिच्या गुडघ्यापर्यंत यायचा. समोरून गवतच चालत येतंय असं वाटायचं. भारा टाकला की ती मानेला हात लावायची, वर बघायची आणि ओरडायची, "काय दादा, झालं का?"

"होतंय."

"होतंय होतंय काय! भात शिजवताय का?"

डावरी हसायची. नवरा हसायचा नाही.

सुंभाला वाख कमी पडत होता. कोरड्या सालात घायपातसुद्धा आकसून गेला होता. तेव्हा नवऱ्यानं एका दुपारी आपल्या गोठ्याच्या माळ्यावरून एक पोतं खाली टाकलं.

"जुना सुंभ आहे. गिरणीवाल्यानं गोठ्यावर पत्रे घातले ना, तिथला उतरवलेला. उकल आणि परत वळ."

डावरी अंगणात पोतं घेऊन बसली. सुंभ हाताला लागला तसा तिनं ओळखला. तिचाच होता, उलट्या पिळाचा. त्यात नवल काही नव्हतं. गिरणीवाल्याच्या गोठ्यावरही तिचाच सुंभ होता. ती एकेक वेटोळं उकलत गेली. जुना पीळ सोडणं म्हणजे रुसलेल्या माणसाची मूठ सोडवणं. हळूहळू सुटत होता. शेवटच्या वेटोळ्याच्या टोकाशी तिचं बोट थांबलं.

वाखाच्या आत एक निळी चिंधी होती.

ऊन होतं तिथंच राहिलं. विहिरीवरचं चाक करकरत होतं, तेही करकरत राहिलं. डावरीनं चिंधी दोन बोटांत धरली. लग्नानंतर अंथरायला मिळालेली पहिली निळी चादर. विरली तेव्हा टाकवली नव्हती. मग गावातल्या चर्चचं छप्पर शाकारताना शेवटच्या हाताला वाख संपला होता, माणसं शिडीवर खोळंबली होती, आणि तिनं कुणाला न सांगता चादरीची पट्टी फाडून आत घातली आणि वरून वाख गुंडाळून वळून टाकली. त्या एका चर्चच्या सुंभातच. दुसरीकडे कुठंच नाही.

चर्च जळून कोळसा झालं होतं. सुंभ मात्र तिच्या मांडीवर होता, कुठं डागही नव्हता.

मग तिला आठवलं, नदीपलीकडच्या कामाच्या वेळीही असंच एक पोतं आलं होतं. तेही तिनं उकललं होतं, वळलं होतं, आणि नव्या छपरावर बांधलं होतं. गाणं म्हणत.

बोलायची जागाच नव्हती. घरात म्हातारा, कामावर घंटावाली. पण जाड सुंभाला दोन माणसं लागतात. एकानं टोकाला लाकडी फिरकी फिरवायची, दुसऱ्यानं वाख लावत लावत मागं सरकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं अंगणात त्या कामाला उभी राहिली. तो या टोकाला, ती त्या टोकाला, मध्ये ताणलेला सुंभ. म्हातारा ओट्यावर तोंडावर फडकं टाकून पडला होता.

"हा सुंभ कुठला म्हणालात?"

"सांगितलं ना. गिरणीवाल्याच्या गोठ्याचा."

"गिरणीवाल्याच्या सुंभात मी चादर नव्हती घातली."

"कसली चादर?"

"आपली निळी. वाख संपला होता, म्हणून फाडून घातली होती. चर्चच्या सुंभात."

फिरकी थांबली.

"थांबवू नका," ती म्हणाली. "पीळ उलटेल."

फिरकी पुन्हा सुरू झाली, हळू. तो मान खाली घालून फिरवत होता. ओट्यावर म्हाताऱ्याचा श्वास फडक्याला वर उचलत होता, खाली सोडत होता.

"पहिलं मी नाही," तो म्हणाला. "टेकडीवरचं खरंच मेणबत्तीनं गेलं. त्यावर आपण एवढे दिवस काढले. मग ते काम संपलं. तू शेजारणीकडून पीठ मागून आणलंस. तिनं चाळून उरलेलं दिलं, आठवतं?"

"मला आठवायला लावू नका. बोला."

"काय बोलू? आत कुणी नव्हतं. आधी आत जाऊन बघितलं. हाकसुद्धा मारली."

"कुणाला? देवाला?"

ती मागं सरकली, वाखाची नवी बट लावली. बोटांतून रक्त आलं होतं, ते वाखाला लागून तांबूस होत होतं.

"आणि हा कशाला सोडून आणला? जाळायचंच होतं, तर हाही जाळायचा होता. मला कळलंही नसतं."

"नाही जाळवला."

"का?"

"गवताचं काय, गवत आज नाही तर उद्या कुजतंच." त्याचा आवाज इतका बारीक होता, की तिला सुंभातून ऐकू आल्यासारखं वाटलं. "पण हा तू वळलेला. बोटं सोलून निघाली होती तुझी. कोमट पाण्यात हात घालून बसायचीस, आणि मी विचारलं की म्हणायचीस, काही नाही, गार वाटतंय म्हणून. ते डोळ्यापुढं आलं. सगळा सोडून घेतला, आणि मग लावली."

डावरीनं टोक घट्ट धरलं. उभ्या जन्मात तिच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. आणि बोलायला त्याला वेळ सापडली ती ही.

"तिचा नवरा कोठडीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ती रोज तुम्हाला दादा म्हणते."

"माहीत आहे गं."

"जा. चौकीवर जा."

"आणि हा म्हातारा? आणि तू?"

"जा म्हटलं ना."

फिरकी फिरवता फिरवता तो म्हणाला, "छप्पर अर्धं टाकून गेलो तर दुसरं कोण घालणार? हात आहे का कुणाचा? एवढं छप्पर होऊ दे. छप्पर झालं की जातो. देवाशपथ."

"देवाचं नाव तुम्ही घेऊ नका. माझी शपथ घ्या."

"तुझी शपथ."

ओट्यावरून म्हातारा ओरडला, "काय कुजबुजताय रे? सुंभ वळताय की सोयरीक जुळवताय?"

"झालंच मामंजी," डावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून छप्पर हळू झालं. आधी डावरीच्या लक्षात आलं नाही. नवरा एक ओळ लावायचा, मागं सरकून बघायचा, मग तीच ओळ उपसून पुन्हा लावायचा. कडा विळ्यानं अशा कापायचा जशा न्हावी मिशा कापतो. पेंढी झेलली की एकेक काडी निवडायचा. इतकं सुंदर काम त्यानं कधीच केलं नव्हतं. फादर खाली उभे राहून म्हणाले, "वा! देवाच्या घराला साजेसं." रस्त्यानं जाणारे थांबायला लागले.

म्हाताऱ्याला हातगाडीवर घालून एकदा आणलं होतं. त्यानं डोळे बारीक करून वर बघितलं.

"हे छप्पर आहे की भरतकाम?" तो म्हणाला. "माझ्या वेळी एवढ्यात चार झाली असती."

"चांगलं व्हायला पाहिजे, बाबा."

"चांगलं म्हणजे पाणी न गळणारं. बाकी सगळे लाड."

डावरीला कळलं. छपराची एकेक ओळ म्हणजे त्याचा एकेक दिवस होता, आणि तो त्या ओळी मोजून मापून, चाटून पुसून खात होता. तिला चीड आली. घंटावाली भाऱ्याखाली धापा टाकत यायची, आणि हा वर बसून काड्या निवडतोय. संध्याकाळी घरी येऊन त्याला बोलायचं, असं तिनं ठरवलं. आणि घरी आल्यावर तो विहिरीपाशी वाकून पाय धूत होता. मानेवर गवताचा भुसा चिकटला होता, खांद्याच्या पात्यांवर घामाचं मीठ सुकून नकाशा झाला होता. तिनं पाठीवर पाणी ओतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं वाख भिजत घातला आणि काढायला विसरली. विसरली असं स्वतःला सांगितलं. वाख जास्त भिजला की तुटतो. तो सगळा फेकावा लागला, नवा ठेचावा लागला. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं वळलेला सुंभ पुन्हा उकलला. सैल झाला म्हणाली. नवऱ्यानं वरून तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. दोघं एकमेकांशी एक अक्षर न बोलता एकाच गाडीला मागं ओढत होती.

पुढं ओढणारी एकटी घंटावाली.

"अगं, हे काय चाललंय?" ती एक दिवस थेट अंगणातच आली आणि फतकल मारून बसली. "आढ्याला सुंभ नाही म्हणून काम अडलंय म्हणे. आण इकडे. मीही वळते."

"तुला नाही जमायचं. माझा पीळ उलटा आहे."

"मग मी उलटी बसते!" आणि खरंच पाठ करून बसली. म्हातारा ओट्यावर खोकून खोकून हसला. तिनं हातभर वळला, तो डावरीच्या सुंभाला जोडायला गेली तर दोन्ही पीळ एकमेकांना सोडवायला लागले. बघता बघता दोरीचा झाडू झाला.

"मेला सुंभही तुझ्यासारखाच आडमुठा!" ती म्हणाली आणि हसली. मग हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं.

डावरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आज गेले होते चौकीवर," घंटावाली म्हणाली. पहिल्यांदाच हळू बोलत होती. "हात सुजलेत त्याचे. फडकी बांधलीत ती बदलत नाहीत; वास येतो. मी म्हटलं, अरे, सांग ना त्यांना, मी नाही लावली. तर माझ्याकडे बघून मान हलवतो. हवालदार म्हणाला, बाई, कबूल केलंय त्यानं. तिन्ही कबूल केलीत. मी म्हटलं, तिन्ही? टेकडीवरचंसुद्धा? तिथली मेणबत्ती सगळ्या गावानं बघितलीय!"

"मग?"

"मग काय? बहिरा आहे गं तो. ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून जन्मभर सगळ्याला मान हलवत आला. दुकानदारानं काही विचारलं, मान हलव. फादरांनी विचारलं, मान हलव. मीच हसायचे त्याला. म्हणायचे, उद्या कुणी विचारलं बायको विकायची का, तर तिथंही हलवशील." तिनं तांब्या खाली ठेवला. पाणी प्यालीच नव्हती. "तिथंही हलवली असणार."

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही," म्हातारा ओट्यावरून म्हणाला. "खोड ती खोड."

डावरीच्या हातातला वाख गळून पडला.

"परवा सकाळी मोठ्या गावी नेणार त्याला. तिथून मग सुटत नाहीत म्हणे लवकर. हात तर तोवर..." घंटावाली उठली. भुसा झटकला, गुडघ्यावर हात टेकले. "म्हणून म्हणते बाई, परवाच्या आत होऊ दे. काय लागेल ते मी करते. भारे आणू? पाणी भरू? तुझं घर सारवू? सांग. तूच सांग."

"काही नको," डावरी म्हणाली. "उद्या होईल."

"खरं?"

"उद्या संध्याकाळी होईल."

ती गेली. डावरी बसल्या जागी सुंभ वळायला लागली. नवऱ्याला हाक मारली नाही. फिरकी विहिरीच्या खांबाला बांधली आणि एकटीनं ओढला. वाख मांडीवर घासून घासून मांडी लाल झाली. नवरा घरी आला. दारात उभा राहून त्यानं बायकोकडे बघितलं, तिच्या पायाशी पडलेल्या सुंभाच्या वेटोळ्याकडे बघितलं. मग आत जाऊन म्हाताऱ्याला ताट वाढलं. ते काम त्यानं कधी केलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, "आज काय, पश्चिमेला उगवला का?"

सकाळी तो शिडीवर चढला आणि दिवसभर उतरला नाही. आता तो काड्या निवडत नव्हता. पेंढी आली की बसली, बसली की ठोकली. डावरी फेकत होती, तो झेलत होता. दोघांच्या मध्ये पेंढ्या अशा जात होत्या जसा एकच माणूस उजव्या हातातून डाव्यात घेतो. दुपारी घंटावालीनं भारे टाकणं थांबवलं, कारण पुरे झाले होते. ती खाली बसून आढ्याकडे टक लावून राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा छपराची दोन्ही पाखं आढ्याला येऊन भिडली. मग जाळं टाकलं. फादर आले, सोबत चर्चचे दोनतीन कारभारी. त्यातला एक म्हणाला, "झकास झालं. पण हे शेवटचं बरं का. आता ठरलंय, खोऱ्यातल्या सगळ्या चर्चांना पत्रेच. गवत म्हणजे आगीला आवतण."

वर नवऱ्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं मान हलवली, जणू कुणी वेळ विचारली होती, आणि शेवटची गाठ मारली.

तो उतरला. पिंपात डोकं बुडवून तोंड धुतलं. कारभारी आत बाकं लावायला गेले. तो डावरीपाशी आला. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं.

"उद्या सकाळी गेलो तर?" तो म्हणाला. "बाबांना आंघोळ घालून. एवढंच."

"त्याला सकाळी नेतायत."

"हं."

त्यानं कमरेचा विळा काढला आणि तिच्या हातात दिला. मग बडवणी दिली. तिनं दोन्ही घेतलं. विळ्याची मूठ अजून गरम होती, त्याच्या हातानं की उन्हानं, कोण जाणे. तिला वाटलं, विळा परत त्याच्या कमरेला खोचावा आणि म्हणावं, चला घरी. ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात मागून ढोल वाजला.

"झालं! ए डावरे, झालं गं!"

नवरा वळला आणि चालायला लागला. घराकडे नाही, चौकीच्या रस्त्याला. घंटावाली धावत आली. अंगभर भुसा, केसांत काड्या, हातात पाण्याचा तांब्या.

"अहो दादा, पाणी तरी प्या! कुठं निघाला गं हा, घोटभर पाणीसुद्धा न पिता?"

डावरी म्हणाली, "तुझ्या माणसाला आणायला."

तांब्या घंटावालीच्या हातातून खाली पडला, पाणी मातीत गेलं. मग तिनं डावरीला मिठी मारली, विळा बडवणीसकट; काडीसारखे हात, पण फास बसावा अशी मिठी.

"देवमाणूस गं बाई! देवमाणूस आहे तुझा नवरा! मी म्हटलंच होतं, कुणीतरी जाईल, कुणीतरी बोलेल. फादर नाही गेले, कारभारी नाही गेले, शेवटी गेला कोण, तर हा!" ती रडत होती, हसत होती, डावरीच्या मानेत तिचा गरम श्वास लागत होता. "बघ, बघ कसा भरभर चाललाय!"

डावरीची पाठ रस्त्याकडे होती. त्या मिठीतून तिला वळता येईना.

"मागं वळून बघतोय का?" तिनं विचारलं.

"नाही गं," घंटावाली तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "सरळ चाललाय."